शिफ्टची वडी

कोजागिरीच्या कार्यक्रमाला मी सुक्यामेव्याच्या वड्या नेल्या होत्या. तेव्हापासून आठ-दहा जणींनी कृती मागितली. एका काकांनी तर तिथंच कागदी रुमालावर लिहून घ्यायला सुरुवात केली होती. 'खजूर किती?' या प्रश्नाशी त्यांचं पेन अडलं, कारण मी म्हणाले, "कोणासाठी करताय, त्यावर आहे." काकांना वाटलं, मी कृती द्यायला टाळाटाळ करतेय. तसं नाही. कृती मापासकट देणार आहे. पण या वडीत खजूर किती घालायचा हे आमच्या घरात जवळजवळ दीड वर्ष चर्चेत असलेलं प्रकरण आहे, त्यामुळे ते आधी सांगते.

पप्पा १९९४ साली अमळनेरहून सिल्वासाला आले. करसवलतींमुळे त्या काळात इथं एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि खानदेशातली, नाशिककडची कितीतरी मंडळी अशीच आली. हे वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी हीच गोष्ट असेल. पप्पा पहिल्यापासून धाग्याच्या कामात. आमचे आजोबा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये होते, तिथं कापूस, इथं पॉलिस्टर. धागा बदलला, पाळी तीच राहिली. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. आठवड्याला बदल. लहानपणी आमच्या घरी 'हळू बोल, पप्पा झोपलेत' हे वाक्य दिवसाच्या कुठल्याही वेळी ऐकू यायचं.

शिफ्टच्या माणसाचं जेवण हा एक वेगळाच विषय आहे. डबा असतो, तो दोन भाकरी-भाजीचा, आणि तो ठरलेल्या वेळी संपतो. खरी भूक लागते ती भलत्याच वेळी. पहिल्या शिफ्टला बस सव्वासहाला येते. तेव्हा पोटात फक्त चहा. रात्रपाळीला पहाटे तीन-साडेतीनला असा एक खड्डा येतो की पप्पा म्हणतात, "तेव्हा समोर भिंत आली तरी चावावीशी वाटते." त्या वेळी मिळतं काय? चहा, बिस्किटं, गेटबाहेरच्या टपरीवर गार झालेला समोसा. आणि टपरीचा चहा आपल्या भागातला, म्हणजे गुजरातच्या गोडीचा. एका कपात दोन चमचे साखर धरली तर आठ-दहा ग्रॅम. असे चार कप. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. पप्पांची मर्यादा बिस्किटं धरायच्या आधीच ओलांडलेली असायची. त्यात रात्री आपलं शरीर साखर हाताळायला दिवसापेक्षा मंद असतं. तेच बिस्कीट दुपारी चारला आणि पहाटे चारला, रक्तात सारखं वागत नाही.

दीड वर्षापूर्वी तपासणीत पप्पांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.३ आली. ५.७ पासून काठावर आणि ६.५ पासून मधुमेह, असा तो हिशेब. डॉक्टरांनी गोळी दिली नाही. चालायला सांगितलं, चहातली साखर बंद करायला सांगितली आणि भूक लागल्यावर दाणे, फुटाणे असं काही खायला सांगितलं. पप्पांनी मान डोलावली. घरी आल्यावर आईनं डब्यात शेंगदाण्यांची पुडी बांधली. ती पुडी तीन दिवस तशीच परत आली. मशीनवर हात तेलकट, ग्रीस लागलेले. दाणे सोलून, फुंकर मारून खायला वेळ कुणाला? एका हातानं, दोन घासांत, उभ्या उभ्या खाता येईल अशी वस्तू हवी होती. कागद सोलला, तोंडात टाकली, संपलं.

मी एका कंपनीत क्वालिटीला आहे, पॅकेजिंगचं काम. त्यामुळे मला पाकिटाची मागची बाजू आधी वाचायची सवय आहे. दुकानात मिळणारे बार आणून पाहिले. चाळीस-पन्नास रुपयांना पस्तीस-चाळीस ग्रॅम. आपल्याकडच्या नियमानुसार घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते. जे जास्त ते आधी. यात एक गंमत असते, ती तरुण मंडळींनी लक्षात ठेवावी. साखर एकाच नावानं घातली तर ती यादीत पहिली-दुसरी येईल. तीच ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, मध अशा तीन नावांनी विभागली की प्रत्येक नाव खाली सरकतं आणि वर ओट्स आणि बदाम मिरवतात. सगळेच बार असे नसतात, चांगलेही आहेत. पण चांगले पप्पांच्या रोजच्या खिशाला परवडणारे नव्हते. शिवाय पन्नास रुपयांचा बार पप्पांनी खाल्लाच नसता. तो त्यांनी माझ्या भावासाठी जपून घरी आणला असता.

तसं पाहिलं तर बार ही काही नवलाची वस्तू नाही. १९८६ साली अमेरिकेत ब्रायन मॅक्सवेल या मॅरेथॉनपटूनं धावपटूंसाठी 'पॉवरबार' बाजारात आणला आणि तिथून एनर्जी बारचा धंदा वाढला, हे खरं. पण आपल्या लोणावळ्याच्या चिक्कीबद्दलही सांगतात की ती मुळात खंडाळ्याच्या घाटात रेल्वेमार्गावर राबणाऱ्या मजुरांची गुडदाणी. तो घाटातला मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. आणि आमचे आजोबा मिलमध्ये जाताना सदऱ्याच्या खिशात गूळ-शेंगदाणे टाकून जायचे, हे आईनं लग्न होऊन आल्यावर स्वतः पाहिलेलं. खिसा कायम चिकट, आणि तो धुवायचं काम नव्या सुनेकडे. आई अजून त्या खिशाबद्दल बोलते.

मग चिक्कीच का नाही केली? कारण दोन. एक तर साखरेचंच गणित: चिक्कीत जवळपास निम्मा गूळ. दुसरं कारण आपला पाऊस. चिक्कीचा पाक कडक घ्यावा लागतो. थेंब पाण्यात टाकला की बांगडीसारखा कट्‌कन तुटला पाहिजे. असा पाक थंड झाला की काचेसारखा होतो, आणि ही काच हवेतलं पाणी ओढते. २ ऑगस्टला आपण मुक्तिदिनाला जमतो तेव्हाचं हवामान आठवा. १९५४ मध्ये ज्यांनी हा मुलूख पोर्तुगिजांकडून सोडवला, त्यांनी तो ऐन पावसाळ्यात कसा सोडवला याचं मला दर वर्षी त्या दिवशी भिजताना नव्यानं आश्चर्य वाटतं. तर अशा हवेत उघडी राहिलेली चिक्की दोन दिवसांत कागदाला चिकटते. कागदासकट खावी लागते.

खजुराचं तसं नाही. खजुरातली साखर बहुतांशी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या रूपात असते. ती उसाच्या साखरेसारखी खडा धरत नाही. म्हणून खजुराची वडी पहिल्या दिवशी मऊ असते आणि पंधराव्या दिवशीही मऊच असते. पाक नको, तारा मोजणं नको. पण इथंच लोकांची एक मोठी गैरसमजूत आहे आणि ती मला कोजागिरीलाही ऐकू आली: "साखर नाही, गूळ नाही, म्हणजे डायबेटिसला चालते ना?" नाही. खजुरात जवळपास दोन तृतीयांश साखरच असते. सोबत चोथा असतो, थोडी खनिजं असतात, चांगला आहे तो. पण 'शुगर फ्री' म्हणून अख्खा खजूर रोल पुढ्यात ओढणाऱ्या काकांना मी थांबवते, आणि त्याबद्दल मला उद्धट म्हटलं गेलेलं आहे.

पप्पांच्या वडीत म्हणूनच खजुराचं काम फक्त धरून ठेवण्याचं. एकूण वजनाच्या पाव भाग. बाकी सगळा भार दाण्यांवर.

आता मापं. वीस सेंटिमीटरचं चौकोनी ताट किंवा केकचं भांडं धरा.

शेंगदाणे २०० ग्रॅम, मंद आचेवर खरपूस भाजून, साल काढून. यातले अर्धे जाडसर कुटायचे. उरलेले अर्धे मिक्सरमध्ये थांबत थांबत इतके फिरवायचे की त्यांना तेल सुटून गोळा झाला पाहिजे. हा तेल सुटलेला गोळाच खजुराची निम्मी जबाबदारी उचलतो, त्यामुळे इथं घाई नको. तीळ ५० ग्रॅम, भाजलेले. बदाम ५० ग्रॅम, उभे चिरून जरा भाजलेले. भोपळ्याच्या बिया ३० ग्रॅम. नागलीचं पीठ ६० ग्रॅम, एक मोठा चमचा तुपावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजायचं, खमंग वास येईपर्यंत. कच्चं राहिलं तर वडीला मातीची चव येते. बिया काढलेला मऊ खजूर १५० ग्रॅम. सुका चिकू ६० ग्रॅम, बारीक तुकडे. चिमूटभर मीठ, अर्धा चमचा सुंठ. वेलची मी घालत नाही. वेलची घातली की पप्पांना ते मिष्टान्न वाटतं आणि ते 'सणाला खाऊ' म्हणून बाजूला ठेवतात. सुंठीनं औषध वाटतं, मग खातात.

खजूर कढईत चार-पाच मिनिटं परतायचा. पाणी अजिबात घालायचं नाही. पाणी घातलं की टिकाऊपणा गेला. तो लगद्यासारखा झाला की शेंगदाण्याचा गोळा त्यात मिसळायचा, गॅस बंद करायचा आणि मग बाकी सगळं. हातानं मळायचं, चमच्यानं होत नाही. भांड्याला बटर पेपर लावून मिश्रण ओतायचं आणि सपाट बुडाच्या वाटीनं दाबायचं. दाबायचं म्हणजे अक्षरशः वजन टाकून. ही वडी धरते ती पाकानं नाही, दाबण्यानं. आमच्याकडे हे काम भावाचं. दोन तास फ्रिजमध्ये, मग २४ तुकडे. प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये वेगळा गुंडाळून स्टीलच्या डब्यात. बाहेर पंधरा दिवस, फ्रिजमध्ये महिनाभर.

एक तुकडा साधारण २५ ग्रॅमचा. माझ्या हिशेबानं त्यात सुमारे १२० कॅलरी, सहा ग्रॅम साखर आणि साडेतीन ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ही वडी हलकीफुलकी नाही. दोन वड्या आणि दूध म्हणजे नाश्ता झाला. टीव्ही बघता बघता सहा खायची ही वस्तू नव्हे. खर्च, आपल्या बाजारभावानं, एका वडीला साडेआठ-नऊ रुपये. त्यात सर्वांत महाग बदाम, त्याच्याच बरोबरीनं खजूर, मग सुका चिकू.

चिकूबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण विचारणाऱ्या सगळ्यांना वाटलं ते अंजीर आहे. अंजीर-जर्दाळू घालून पाहा, छान लागतात. पण आपल्यापासून भिलाड-उंबरगावमार्गे खाली उतरलं की घोलवड आणि बोर्डी, समुद्राला लागून चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चिकू हे फार घाईचं फळ आहे. तोडल्यावर तीन-चार दिवसांत पिकतं आणि पिकलं की लगेच उतरतं. त्यामुळे ते वाळवून ठेवण्याचा उद्योग तिथं घरोघरी वाढला. चिकूच्या चकत्या, पावडर, लोणचंसुद्धा मिळतं. वाळलेल्या चकतीचा रंग तांबूस-तपकिरी, चावताना चिवट, आणि चव अशी की कुणीतरी गूळ किंचित करपवून फळात भरलाय. इतक्या जवळ हे असताना लांबून आलेलं क्रॅनबेरी डब्यात कशाला? (क्रॅनबेरीवर बहुतेक वेळा साखर चढवलेली असते, तेही पाकीट उलटून पाहा.)

नागलीचंही तसंच. खानवेल-दुधनीकडच्या वारली आणि कोकणा बायकांकडची नागली मी घेते. नागली हा शब्द त्यांचाही आणि आमच्या खानदेशचाही. पुण्याकडचे लोक नाचणी म्हणतात तेव्हा आईला ते कुठलं तरी वेगळं धान्य वाटतं. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळाच्या कित्येक पट. ज्यांच्याकडून मी ती घेते त्यातल्या एका मावशींना वडी खायला दिली. त्यांनी चावली, विचार केला आणि म्हणाल्या, "भाकर नाय आवडत का तुमाला?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर वड्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात पप्पांना रोज दोन दिल्या. दुसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, चार दे. मला बरं वाटलं. मग सहा झाल्या. एक दिवस त्यांनी आठ मागितल्या तेव्हा आईचा चेहरा बदलला. "आठ? साखर किती निघाली होती, आठवतंय ना? औषध म्हणून दिलं तर जेवण करून टाकलं या माणसानं." पप्पा काही बोलले नाहीत. बूट घातले, आठ वड्या पिशवीत टाकल्या आणि बसला गेले. आई दोन दिवस त्यांच्याशी मोजकं बोलली. मी आठ वड्यांची साखर काढली, ४८ ग्रॅम, आणि तो कागद फ्रिजवर चिकटवला. पप्पांनी तो वाचला आणि हसले. हसले म्हणून आई जास्तच चिडली.

उलगडा गणपतीत झाला. पप्पांच्या खात्यातली पाच-सहा मुलं आरतीला घरी आली. बिहारची, ओडिशाची, एक यूपीचा. त्यातल्या सर्वांत लहानानं आईच्या पाया पडून प्रसाद घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि पप्पांना विचारलं, "अंकल, आज ईंट नहीं है?"

ईंट. वीट. आमच्या वडीचं खात्यात हे नाव पडलं होतं. आकारामुळे.

पप्पा स्वतः एकच खात होते, क्वचित दीड. बाकी वाटत होते. आईनं स्वयंपाकघरात गाठून विचारलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं. तो लहान मुलगा छपऱ्याकडचा, वीस-एकवीसचा. एका खोलीत सहा जण, एक शेगडी. पहिली शिफ्ट असली की सकाळी शेगडीचा नंबर लागत नाही, तो तसाच येतो. एकदा रात्रपाळीत पहाटे त्याला मशीनपाशी चक्कर आली. मशीन चालू. पप्पांनी मागून दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं, बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि खिशातली वडी त्याच्या हातात ठेवली. "त्या दिवसापासून," पप्पा म्हणाले, "मी एकटा कसा खाऊ?"

हे त्यांनी घरी आधी सांगितलं नाही, कारण आई घाबरली असती. चालू मशीनजवळ चक्कर म्हणजे काय, हे धाग्याच्या कारखान्यातल्या माणसाच्या घरी समजावून सांगावं लागत नाही. आई काही न बोलता ताटं वाढायला लागली. त्या रात्री भांडी घासताना मला म्हणाली, "बदाम कशाला घालतेस एवढे? डाळं घाल. दुप्पट होतील."

तेव्हापासून आमच्याकडे रविवारी दोन ताटं असतात. एक पप्पांचं, वरच्या मापाचं. दुसरं शिफ्टचं. रात्रभर क्रेट उचलणाऱ्या एकवीस वर्षांच्या पोराला ६.३ ची काळजी नसते. त्याला पहाटे तीनला ताकद हवी असते, पोटभर आणि लगेच. म्हणून शिफ्टच्या ताटात खजूर २०० ग्रॅम, वर थोडा गूळ, बदाम आणि चिकू काढून त्यांच्या जागी भाजलं डाळं जाडसर दळून. एका वडीचा खर्च सहा रुपयांच्या आसपास. माझा नववीतला भाऊ दुसऱ्याच ताटातल्या खातो. डिंकाच्या लाडवाला आयुष्यात हात न लावलेला हा मुलगा बटर पेपरमध्ये गुंडाळलं की तेच सगळं मुकाट्यानं खातो. त्यावर आईचं मत मी इथं छापत नाही.

काकांना मी 'कोणासाठी' असं का विचारलं, ते आता कळलं असेल. वय, काम, रक्ताचा कागद, दात (आजीसाठी करायची तर सगळंच बारीक दळा), आणि घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी आहे का. शाळेच्या डब्यात द्याल तर हे शेवटचं नक्की विचारा, कारण मुलं वाटून खातात आणि दुसऱ्याच्या मुलाचं आपल्याला ठाऊक नसतं. कडू किंवा बुरशीचा वास असलेला दाणा एकही जाऊ देऊ नका. निवडायला वेळ लागतो, तो द्या.

पप्पांच्या साखरेचं विचारलंत तर सहा महिन्यांनी ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, चालण्याचा आणि बिनसाखरेच्या चहाचा परिणाम. वडीचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि मीही काढलं नाही. टपरीचा समोसा सुटला, एवढं श्रेय वडीला मी मनातल्या मनात देते.

दिवाळीनंतर छपऱ्याचा तो मुलगा गावाहून परतला तो दोन किलो सत्तू घेऊन. त्याच्या आईनं घरी भाजून दळलेलं. "आंटी के लिए" म्हणून. आईनं बोटावर घेऊन चाखलं आणि म्हणाली, अगं, हे तर आपलं डाळ्याचंच पीठ. शिफ्टच्या ताटात डाळ्याऐवजी ते घातलं, आणि खरं सांगते, वडी आधीपेक्षा घट्ट बसली. बारीक पीठ सगळीकडे भरतं, फटी राहत नाहीत.

पप्पा मार्चमध्ये निवृत्त होताहेत. परवा त्या मुलाचा मला फोन आला. वडीची कृती हवी होती. मी वरची मापं सांगायला लागले तर तो मध्येच म्हणाला, "दीदी, मिक्सर नहीं है." मग मी आणि आईनं एका रविवारी बिनमिक्सरची करून पाहिली, फक्त कढई आणि एक ताट घेऊन. तीही देते, हॉस्टेलवर राहणाऱ्या आपल्या मुलांच्याही कामी येईल. शेंगदाणे २०० ग्रॅम भाजून स्वच्छ रुमालात बांधायचे आणि भरल्या बाटलीनं ठेचायचे. चमचाभर तुपात १५० ग्रॅम गूळ फक्त विरघळेपर्यंत गरम करायचा. उकळी आली की कडक होतो, म्हणून बुडबुडे दिसले की लगेच उतरवायचा. त्यात दीडशे ग्रॅम सत्तू, दाणे, मीठ. तूप लावलेल्या ताटात वाटीनं दाबायचं आणि गरम असतानाच सुरीनं रेघा मारून ठेवायच्या, थंड झाल्यावर कापायला गेलं तर भुगा होतो. गूळ चिक्कीचा घेऊ नका, साधा घ्या. पावसाळ्यात ही चार दिवसांत संपवायची. सहा जणांच्या खोलीत तेवढी टिकत नाही म्हणा.